फुलून मरायचं, तर फुलायचं कशाला?

कारवीची गोष्ट मुलांना सांगायला बसलं की सुरुवात सोपी जाते. सह्याद्रीच्या उतारांवर, सातपुड्यात, मध्य भारताच्या डोंगरांत वाढणारं हे आपलं, इथलंच झुडूप. दोन-तीन मीटर उंच, कधी त्याहूनही जास्त. पेरं असलेल्या सरळसोट काठ्या, हाताला खरखरीत लागणारी मोठी दातेरी पानं. पावसाळ्यात हिरवंगार रान, उन्हाळ्यात नुसत्या काटक्या. असं एक वर्ष, दोन वर्षं, सहा वर्षं. आणि मग सातव्या वर्षी, श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास, अख्खा डोंगर एकदम निळा-जांभळा. इथवर मुलं डोळे विस्फारून ऐकतात. पुढच्या वाक्याला चेहरे बदलतात. फुलं येऊन गेली, बी धरलं, की ते झुडूप मरतं. एखाददुसरं नव्हे, त्या उतारावरची जवळजवळ सगळी.

मग कोणीतरी विचारतंच, "फुलून मरायचं, तर फुलायचं कशाला?"

मोठी माणसं हा प्रश्न बहुधा दोन प्रकारांनी मिटवतात. एक तर 'निसर्गाचा नियमच तसा' म्हणून पुढच्या झाडाकडे वळतात, नाही तर एखादं सुंदरसं तात्पर्य हातात ठेवतात. दोन्हींत मुलावर अन्यायच होतो. प्रश्न झुडपाबद्दल असला तरी मुलाने त्यात बरंच काही घातलेलं असतं: जे संपणार आहे त्याला अर्थ असतो का, एखादी गोष्ट नेमकी कोणासाठी असते, आणि झाडाचं मरण हे मरण म्हणून मोजायचं का. माणसांनी या प्रश्नांवर धर्म उभे केले आणि ग्रंथ लिहिले. म्हणूनच दहा वर्षांच्या मुलाला उत्तर देताना मोठ्यांनी पूर्ण तयारीने बोललं पाहिजे.

तयारी झाडापासून सुरू होते. कारवी दुर्मीळ आहे का? झुडूप म्हणून नाही. सह्याद्रीत भटकणाऱ्या प्रत्येकाला कारवीचं रान ठाऊक आहे. पावसाळ्यात निसरड्या घसाऱ्यावर पाय ठरत नाही तेव्हा बाजूच्या कारवीला धरूनच चढावं लागतं. वारली, ठाकर, कातकरी घरांच्या कुडाच्या भिंती पिढ्यान्पिढ्या कारवीच्या काठ्यांच्या आहेत. काठ्या शेजारी शेजारी बांधायच्या, वरून शेणमातीने लिंपायचं. आज जगभर पोचलेली वारली चित्रं मुळात अशाच भिंतींवर गेरूच्या पार्श्वभूमीवर तांदळाच्या पिठाने काढलेली होती. तेव्हा झुडूप ओळखीचं, घरातलं. दुर्मीळ आहे ते तिचं फूल. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कारवी २००८ साली सामूहिकपणे फुलली आणि नंतर २०१६ साली. पुस्तकं सात वर्षं म्हणतात, या डोंगरांवर आठ भरली. सातव्या वर्षी पहिल्यांदा बहर पाहिलेलं मूल पुढचा बहर पाहील तेव्हा दहावीच्या आसपास असेल, आणि त्यानंतरचा पाहील तेव्हा नोकरीला लागलेलं असेल.

मुलांना झाडाचं गणगोत सांगावं. आजीने खोकल्याला दिलेला अडुळसा, वेणीतली अबोली, कुंपणाची कोरांटी ही सगळी कारवीच्याच कुळातली. कास पठारावर टोपली उपडी घातल्यासारखी गोल वाढणारी टोपली कारवी तिची जवळची बहीण, आणि केरळ-तमिळनाडूच्या डोंगरांवर बारा वर्षांनी फुलणारी नीलकुरिंजी दुसरी. बागेत कुंडीकडेला उगवणाऱ्या रुएलियाची सुकी शेंग ओल्या तळहातावर ठेवली की टचकन फुटून बी उडतं. हा खेळ ज्यांनी खेळलाय त्यांना कारवीचं पुढचं आयुष्य लगेच कळतं. तीही त्याच कुळातली, तिचं बोंडही तसंच. फुलं गळल्यावर बोंडं मेलेल्या झुडपावरच सुकत राहतात. हिवाळा जातो, उन्हाळा जातो. पुढच्या पावसाचं पाणी लागलं की ती तडकतात आणि आतले आकडे बी दूर फेकतात. अशी हजारो बोंडं एकाच उतारावर असली की रानात तडतड सुरू होते.

आता तात्पर्याकडे. कारवीवर एक गोष्ट हमखास रचली जाते. सात वर्षं तिने तप केलं, सगळं साठवलं, एका पावसाळ्यात मधमाश्यांना मध, डोंगराला रंग आणि पुढच्या पिढीला बी देऊन टाकलं आणि कृतार्थ होऊन डोळे मिटले. ऐकायला गोड, आणि मुलांच्या पुस्तकात चित्रासह शोभणारी. पण ती खरी नाही. तिच्यात एक गोष्ट विशेष खटकणारी आहे. स्वतःला पुरतं संपवून इतरांना देत राहणं हाच सौंदर्याचा कळस, हा धडा आपल्या घरांतून मुलींना आधीच पुरेसा शिकवला जातो. त्याला झुडपाची साक्ष काढण्याची गरज नाही. कारवी त्याग करत नाही. त्याग करायचा तर न करण्याची मोकळीक हवी. ती तिला नाही.

शिवाय ही गोष्ट कारवीलाच का लावायची? भातही एकदाच फुलतं, दाणा भरतो आणि रोप वाळतं. ज्वारीचं तेच, नाचणीचं तेच. परसातली केळ एक घड देते आणि संपते. बुंध्याशी उभी असलेली पिल्लं तिची जागा घेतात. भाताच्या मरणाला आपण सुगी म्हणतो, आणि कोणी मूल त्यावर डोळे पुसत नाही. आपल्या जुन्या वैद्यकाने ही गोष्ट फार पूर्वी हेरली होती. चरकसंहितेत वनस्पतींचे जे चार वर्ग केले आहेत, त्यांतला एक वर्ग फळ पिकलं की जीवन संपणाऱ्यांचा आहे. त्यात कुठे हळहळ नाही, गौरव नाही. जगण्याचा हाही एक आकार, इतकीच नोंद. त्या वर्गवारीने पाहिलं तर कारवीची जागा भाताच्या शेजारी पडते. भात आपलं सगळं एका पावसाळ्यात उरकतं आणि कारवीला सात-आठ लागतात, एवढाच फरक.

त्यागाच्या गोष्टीचा खरा निकाल लागतो तो मिझोरममध्ये. तिथल्या डोंगरांवर एक बांबू सुमारे अठ्ठेचाळीस वर्षांनी एकदम फुलतो आणि मरतो. कारवीचीच रीत, फक्त फेरा मोठा. त्याची फळं बक्कळ येतात, ती खाऊन उंदरांची प्रचंड पैदास होते, आणि फळं संपली की ते उंदीर शेतातल्या भातावर उतरतात. मिझो लोक या काळाला माउताम म्हणतात. १९५८-५९च्या बहरानंतर तिथे दुष्काळ पडला. जाणकार म्हाताऱ्यांनी तो येणार हे आधीच सांगितलं होतं आणि सरकारने ते मनावर घेतलं नव्हतं. दुष्काळात लोकांच्या मदतीसाठी उभी राहिलेली संघटनाच पुढे मिझो नॅशनल फ्रंट हा राजकीय पक्ष झाली, आणि १९६६ साली तिथे सशस्त्र उठाव झाला. पुढचा बहर २००६-०७ च्या सुमारास आला तेव्हा प्रशासनाने उंदीर मारण्यापासून धान्यसाठ्यापर्यंत आधी तयारी केली होती. आता या बांबूच्या फुलण्याला काय म्हणायचं? कारवीचा बहर आपल्याला मध देतो म्हणून तो त्याग, आणि बांबूचा बहर उपाशी मारतो म्हणून तो शाप? झाडांनी दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट केली आहे. पुण्य आणि पाप आपण आपल्या ताटाकडे बघून वाटलं.

मग विज्ञान काय सांगतं? अमेरिकी परिसरशास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झेन यांनी १९७६ साली बांबू इतकी वर्षं थांबतात का यावर जो युक्तिवाद मांडला, तो कारवीलाही समजून घ्यायला उपयोगी पडतो. बी हे अन्न आहे. उंदीर, किडे, पाखरं ते खातात. एखादं झुडूप दरवर्षी थोडं थोडं बी धरू लागलं तर खाणाऱ्यांना दरवर्षीचा खात्रीचा शिधा मिळतो, आणि त्यांची संख्या तेवढ्यावर टिकून राहते. पण सगळ्यांनी मिळून बरीच वर्षं काहीच धरलं नाही, तर खाणाऱ्यांना त्या अन्नाच्या भरवशावर राहता येत नाही. मग एकाच वेळी इतकं बी येतं की सगळ्यांनी पोटभर खाऊनही उरतं. जी झुडपं चुकून एकटीच आधी किंवा उशिरा फुलली, त्यांचं बी पुरतं फस्त झालं. ती सवय पुढे चालली नाही. पिढ्यामागून पिढ्या जाता जाता एकाच वेळी फुलणारीच उरली. शिवाय सगळा डोंगर एकदम फुलला की मधमाश्यांचीही तिकडेच रीघ लागते, आणि परागीभवन नेटकं होतं. महाबळेश्वरच्या मधपाळांना कारवीचं वर्ष वेगळं ओळखू येतं. त्या वर्षीचा मध दाट आणि गडद असतो. त्याच तालुक्यातलं मांघर २०२२ साली 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं, त्यामागे या डोंगरांच्या अशा फुलोऱ्याचा मोठा वाटा आहे.

हे स्पष्टीकरण मुलांना आवडतं. त्यात डाव आहे, हिशेब आहे, उंदरांवर मात आहे. ते त्यांना नीट आणि पूर्ण सांगावं. मुलांना कळणार नाही म्हणून त्याचं पाणी करू नये. पण एवढ्यावर मूळ प्रश्न सुटला असं मानलं तर चुकेल. जॅन्झेनच्या युक्तिवादाने 'कसं घडलं' याचं उत्तर मिळतं. मुलाने 'कशाला' असं विचारलं होतं.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याच दोन प्रश्नांच्या मधल्या फटीत अडखळला होता. १७९० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने म्हटलं, की गवताच्या साध्या पात्याची घडण यांत्रिक नियमांनी समजावून देणारा एखादा न्यूटन कधी जन्माला येईल ही आशाच माणसाने करू नये. सत्तर वर्षं पुरी व्हायच्या आत, १८५९ मध्ये, डार्विनचं पुस्तक आलं, आणि पुष्कळांना वाटलं की तो न्यूटन मिळाला. पण कांटने त्याच ग्रंथात केलेलं दुसरं निरीक्षण अजून शिळं झालेलं नाही. घड्याळाचं प्रयोजन घड्याळाच्या बाहेर असतं. ते वेळ बघणाऱ्यासाठी बनवलेलं असतं. सजीवाचं तसं नाही. झाडाची पानं झाडाला पोसतात आणि झाड पानांना. ते स्वतःच स्वतःचं कारण आणि स्वतःच कार्य असतं. म्हणजे 'हे कशासाठी?' हा प्रश्न खुर्चीला विचारता येतो तसा कारवीला विचारता येत नाही. विचारला, तर उत्तर तिच्या आतच सापडतं. कारवी कारवी असण्यासाठी फुलते. मूल हे वाक्य ऐकून थोडा वेळ गप्प होईल, आणि बहुधा पटवून घेईल, कारण खेळ कशासाठी खेळतोस असं विचारल्यावर त्यानेही कधी दुसरं उत्तर दिलेलं नसतं.

या विचारासाठी युरोपात जाण्याची तशी गरजही नाही. ज्या डोंगरावर मुंबईची कारवी फुलते, त्याच डोंगरावर कान्हेरीची लेणी आहेत. इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारास कोरायला लागलेली, शंभराहून अधिक, आणि जवळपास हजार वर्षं वापरात असलेली. बौद्ध भिक्खू एरवी फिरते असत, पण पावसाळ्याचे महिने एका जागी काढत. कान्हेरीच्या दगडी बाकांवर आणि पाण्याच्या पोढ्यांजवळ अशा किती वर्षावासांच्या पिढ्या गेल्या. आषाढापासून आश्विनापर्यंतचा तो काळ, आणि कारवीच्या बहराचाही नेमका तोच. हजार वर्षांत तो डोंगर त्यांच्यासमोर शंभराहून जास्त वेळा निळा झाला असणार.

वर्षावासाची प्रथा कशी पडली याची विनयपिटकातली हकिगत मुलांना जरूर सांगावी. पावसातही भिक्खू हिंडत राहिले तेव्हा लोकांनी तक्रार केली, की हे हिरवं गवत तुडवतात, एकाच इंद्रियाचे जीव आणि बारीकसारीक प्राणी मारतात. इतर पंथांचे साधू आणि झाडांवरची पाखरंसुद्धा पावसाळ्यात घर धरतात. बुद्धाने तक्रार ऐकली आणि नियम केला. दुसरी हकिगत याहून बोलकी. एक भिक्खू बांधकामासाठी झाड तोडू लागला. त्या झाडावर राहणाऱ्या देवतेने विनवलं, माझं घर तोडू नकोस. त्याने ऐकलं नाही, आणि कुऱ्हाड देवतेच्या लेकराच्या हातावर बसली. रागाने तिला वाटलं, याला इथेच मारून टाकावं. पण ती बुद्धाकडे गेली. त्याने स्वतःला आवरल्याबद्दल तिला शाबासकी दिली, राहायला दुसरं झाड दाखवलं, आणि भिक्खूंनी वनस्पतींची नासधूस करायची नाही असा नियम घातला.

इथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की झाडाला जीव आहे की नाही याचा तात्त्विक निकाल बुद्धाने आधी लावला नाही. वागणूक आधी ठरवली.

जैनांनी तो निकालही लावला. वनस्पतीला स्पर्शाचं एकच इंद्रिय असतं, पण ती जीव आहे, यावर त्यांचं आचारशास्त्र उभं आहे. कांदा-बटाटा न खाण्याचा नियम शेजारच्या घरात पाहिलेल्या मराठी मुलाला त्याची एक बाजू माहीत असते. मुळातली बाजू आचारांगसूत्रात आहे. तिथे माणूस आणि वनस्पती समोरासमोर ठेवून एकेक गोष्ट ताडून पाहिली आहे. हाही जन्मतो, तीही. हा वाढतो, तीही. तोडलं की हा सुकतो, तीही. याला अन्न लागतं, तिलाही. हा अनित्य, तीही अनित्य. माणसाने झाडापुढे स्वतःला इतकं बरोबरीला आणून उभं केलेलं प्राचीन साहित्यात क्वचित दिसतं. महाभारताच्या शांतिपर्वात भरद्वाज झाडांबद्दल शंका काढतो तेव्हा भृगूचं उत्तर निराळ्या वाटेने जातं, पण पोचतं तिथेच. उन्हाने पानं कोमेजतात, तेव्हा झाडाला स्पर्श कळतो. मेघगर्जनेने फुलं-फळं गळतात, तेव्हा ऐकू येतं. वेल वाट काढत वेढा घालते, तेव्हा दिसतंही. यातलं प्रत्येक अनुमान आजच्या प्रयोगशाळेत टिकणार नाही. पण पद्धत बघावी. झाडाच्या वागण्याकडे बारकाईने पाहायचं आणि त्यावरून त्याच्या आत काय चाललंय ते ताडायचं.

या सगळ्यातून मुलाला सांगण्यासारखी एक गोष्ट हाताशी येते. कारवी आपल्यासाठी नाही, आणि म्हणूनच तिचं मरण तिच्या फुलण्याचा हिशेब चुकवत नाही. तिच्याकडे आपला काही अर्थ थकलेला नाही.

अर्थात मुलाचा पुढचा प्रश्न तयार असतो. "मग पुढच्या पावसात जे उगवतं, ते तेच का? की दुसरंच?" दोन हजार वर्षांपूर्वीच्या आसपासच्या एका पाली ग्रंथात हाच पेच आहे. ग्रीक वंशाचा राजा मिलिंद भिक्खू नागसेनाला विचारतो, की जो पुन्हा जन्मतो तो तोच की वेगळा? नागसेन म्हणतो, तोही नाही आणि वेगळाही नाही. आणि पुढे आंब्याच्या चोराचा दाखला देतो. चोर राजासमोर म्हणाला, याने जमिनीत पुरले ते आंबे वेगळे, मी तोडले ते वेगळे, मग माझा गुन्हा काय? चोराचं म्हणणं अक्षरशः बरोबर आहे आणि तरी तो सुटत नाही, कारण तोडलेले आंबे पेरलेल्या आंब्यांमुळेच आले. हा दाखला वर्गात सांगावा आणि मुलांना भांडू द्यावं. कारवीच्या बाबतीत तो आणखी रंगतो. नवी रोपं एकाच पावसात एकदम उगवतात, सगळी एका वयाची, आणि पुढच्या बहराला पुन्हा एकदम येतात. बांबूच्या काही जातींत तर एकाच पिढीची बेटं निरनिराळ्या देशांत नेऊन लावली तरी सुमारे एकाच काळात फुलली आहेत. 'एक झुडूप' म्हणजे नेमकं काय, एक काठी की अख्खा उतार, हा प्रश्न मोठ्यांनाही चटकन सुटत नाही. काठीकडे पाहिलं तर शेवट दिसतो. उताराकडे पाहिलं तर एक फार सावकाश चाललेला श्वास.

पूजेच्या बाजूनेही कारवीकडे बघण्यासारखं आहे. तिचा बहर येतो तो गौरी-गणपतीच्या दिवसांत. त्या दिवसांत सगळं कोकण रानात उतरतं. आघाडा, दूर्वा, शमी, केवडा, रुई, डाळिंब अशी एकवीस प्रकारची पत्री गोळा होते. कितीतरी घरांत तेरड्याचीच गौर बसते. या यादीत कारवी नाही. डोंगरभर फुललेली असूनही देवाच्या पायाशी ती जात नाही. दक्षिणेत तिच्या बहिणीचं उलटं आहे. तमिळ परंपरेत डोंगराळ प्रदेशाला कुरिंजीचंच नाव, तिथला देव मुरुगन, आणि कोडाइकनालला कुरिंजी आंडवर या नावाने त्याचं देऊळ. तिकडच्या डोंगरांतले मुथुवन आदिवासी कुरिंजीच्या बहरांवरून आपलं वय मोजत आले आहेत. केरळने २००६ साली कुरिंजीसाठी इडुक्की जिल्ह्यात वेगळं अभयारण्य राखलं. त्यानंतरचा बहर २०१८ साली आला, आता २०३०ची वाट. एका फुलाला देव मिळाला, एकाला नाही. पण देवाला वाहिलं नाही म्हणजे फूल वाया गेलं, असं आपल्या धर्मातली एक जुनी गावरीत म्हणत नाही. देवराईचा नियम आठवावा. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास मांडला, त्यात ही गोष्ट पुन्हा पुन्हा येते. पुष्कळ राया अशा, की तिथली वाळकी काटकी, गळून पडलेलं फळसुद्धा उचलायचं नाही. देवाला वाहण्यासाठी तोडणं वेगळं. देवाचं आहे म्हणून हात न लावणं वेगळं. दुसऱ्या प्रकारची भक्ती आज जास्त लागणार आहे, आणि कारवी ती शिकायला फार चांगली जागा आहे.

बहराच्या वर्षी मुलांना घेऊन जावंच. वाटेवरून चालावं, फूल न तोडता जवळून हुंगावं, फुलांखालच्या चिकट पानांचा उग्र वास हाताला लागू द्यावा, मधमाश्यांचा आवाज ऐकावा. कोणत्या डोंगरावर कोणत्या वर्षी फुलली याची नोंद मुलांच्याच वहीत करून घ्यावी, कारण प्रत्येक डोंगराचं वर्ष वेगळं असतं. अशी वही मूल मोठं झाल्यावर कामाला येते. पण खरी परीक्षा त्या वर्षी नसते. ती असते पुढच्या फेब्रुवारी-मार्चपासून. तेव्हा तोच उतार राखाडी, काटक्यांचा, साफ मेलेला दिसतो. फोटो काढायला कोणी येत नाही. आणि नेमक्या त्याच दिवसांत डोंगरांना आग लावली जाते. कुठे गवत चांगलं यावं या समजुतीने, कुठे निष्काळजीपणाने, कुठे नुसत्या विडीच्या थोटकाने. वणवा वाळलेल्या कारवीत शिरला की थांबत नाही. त्या मेलेल्या काठ्यांवर सात-आठ वर्षांचं सगळं बी अजून बोंडांत बसलेलं असतं, पहिल्या पावसाची वाट बघत. ते जळालं तर त्या उतारावरची ती पिढीच गेली, कारण जमिनीवर अजून काही पडलेलंच नाही आणि पुन्हा फुलायला आईझाड उरलेलं नाही.

तेव्हा बहर पाहून आलेल्या मुलांना त्याच वाटेने मार्चमध्ये पुन्हा न्यावं. एक बोंड हातात न घेता, काठीवरच दाखवावं. गावकरी आणि वनखात्याचे मजूर जाळरेषा कशी काढतात, पालापाचोळा ओढून आगीची वाट कशी तोडतात, ते पाहू द्यावं. जमलं तर एक दिवस त्यांच्याबरोबर पालापाचोळा ओढू द्यावा.